निवासगृहांची जीर्णता आणि दुरुस्तीचे दायित्व

प्रवासात ज्या वास्तूत एखादी रात्र काढावी लागते, तिच्याविषयी सामान्यतः दोनच प्रश्न विचारले जातात : भाडे किती आणि खोली स्वच्छ आहे काय. भिंतीला ओल का आली, छताचा गिलावा का सुटला, मोरीचे पाणी बाहेर न जाता खोलीकडे का वळते, हे प्रश्न मुक्कामी माणसाच्या मनात येतात खरे. परंतु सकाळची गाडी आली की ते तेथेच राहून जातात. निवासगृह जुने होणे अटळ आहे; ते मोडकळीस येणे मात्र अटळ नाही. जवळजवळ एकाच काळात उभ्या राहिलेल्या दोन वास्तूंपैकी एक शंभराहून अधिक वर्षे नांदती राहते आणि दुसरी राहण्यास अयोग्य ठरते. या भेदाचे कारण केवळ दगड, चुना आणि लोखंड यांत सापडत नाही. ती वास्तू दुरुस्त ठेवण्याचे दायित्व कोणावर होते आणि त्यासाठी लागणारा पैसा कोठून येत होता, हेही पाहावे लागते. प्रस्तुत लेखात परभणी जिल्ह्यातील देवगाव फाटा या ठिकाणापासून आरंभ करून, ज्या निवासगृहाच्या वार्धक्याचा इतिहास बराच स्पष्ट आहे अशा मुंबईच्या वॉटसन हॉटेलपर्यंत या प्रश्नाचा मागोवा घेतला आहे.

१. फाटा, हॉटेल आणि लॉज

देवगाव फाटा हे सेलू तालुक्यातील रस्त्याच्या तिठ्यावर वाढलेले ठिकाण होय. जालन्याकडून मंठ्यामार्गे जिंतूरला जाणाऱ्या रस्त्याला येथे सेलूचा रस्ता मिळतो. सेलू हे मनमाड–सिकंदराबाद लोहमार्गावरील स्थानक असल्याने रेल्वेने येणारा आणि रस्त्याने येणारा असे दोन्ही प्रकारचे प्रवासी या परिसरात पूर्वीपासून फिरत आले. यादवकालीन शैलीच्या मंदिरांमुळे अभ्यासकांना परिचित असलेले चारठाणा हे गाव याच जिंतूरच्या वाटेवर आहे. क्षेत्रकार्यासाठी येणाऱ्या विद्यार्थ्याला मुक्कामाचा विचार करावा लागतो तो अशाच ठिकाणी.

येथे संज्ञांचा एक खुलासा आवश्यक आहे. मराठवाड्यातील कोणत्याही फाट्यावर ‘हॉटेल’ या शब्दाचा अर्थ चहा, भजी आणि क्वचित जेवण मिळण्याचे ठिकाण असा होतो. रात्री राहण्याची सोय असलेल्या जागेला ‘लॉज’ म्हणतात. पैसे देऊन जेवण्याच्या घरगुती ठिकाणाला ‘खाणावळ’ हा जुना शब्द आहे. त्यापूर्वीचे शब्द निराळेच होते : धर्मशाळा, सराई, मुसाफरखाना, डाक बंगला. हे शब्द एकमेकांचे पर्याय वाटले तरी तसे नाहीत. प्रत्येक शब्दामागे वास्तू कोणी बांधावी, तिचा खर्च कोणी सोसावा आणि मुक्कामी माणसाचा तिच्यावर किती अधिकार असावा, याची एक स्वतंत्र व्यवस्था उभी आहे. निवासगृहांच्या जीर्णतेचा अभ्यास या व्यवस्थांपासूनच सुरू करावा लागतो.

२. दुरुस्तीच्या पैशाच्या तीन परंपरा

पहिली परंपरा दानाची. धर्मशाळा बांधणे हे पुण्यकर्म मानले जाई, आणि दात्याचे नाव दर्शनी शिळेवर कोरले जाई. मात्र दान प्रायः बांधकामासाठी मिळे. प्रतिवर्षी कौले परतण्यासाठी किंवा गटार उपसण्यासाठी देणगी देणारा दाता विरळा. म्हणून ज्या धर्मशाळेमागे जमीन, दुकानगाळे किंवा विश्वस्तसंस्था यांचे कायम उत्पन्न राहिले ती टिकली, आणि जिच्यामागे केवळ दात्याचे नाव राहिले ती ढासळली. गाडगे महाराजांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी इत्यादी ठिकाणी धर्मशाळा उभारल्या; परंतु त्या स्वतःच्या वा कुटुंबाच्या मालकीच्या ठेवल्या नाहीत. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. या कृतीचे सामाजिक महत्त्व सर्वविदित आहे. वास्तुरक्षणाच्या दृष्टीनेही तिचा एक अर्थ आहे : बांधणाऱ्याच्या पश्चात वास्तू सांभाळणारा कोणीतरी नेमलेला असला पाहिजे.

दुसरी परंपरा राज्याची. अजिंठ्याजवळील फर्दापूर येथील औरंगजेबकालीन सराई हे तिचे मराठवाड्यातील ठळक उदाहरण. पुढे इंग्रजी अमलात टपालाच्या रस्त्यांवर डाक बंगले आले आणि निजामाच्या राज्यात मुसाफर बंगले उभे राहिले. आजची सार्वजनिक बांधकाम विभागाची विश्रामगृहे याच परंपरेतील होत. परभणी जिल्हा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या सत्तेखाली, नंतर हैदराबाद राज्यात, १ नोव्हेंबर १९५६ पासून द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात आला. बारा वर्षांच्या आत सरकारी वास्तूंचा धनी अशा रीतीने पुनःपुन्हा बदलला. राज्याच्या वास्तूला पैसा अंदाजपत्रकातून मिळतो. अंदाजपत्रकात नवे काम आणि देखभाल हे दोन वेगळे विषय असतात, आणि नव्या कामाला जो उत्साह लाभतो तो देखभालीच्या वाट्याला क्वचितच येतो.

तिसरी परंपरा भाड्याची, म्हणजे हॉटेलची वा लॉजची. येथे वास्तूचा सर्व खर्च मुक्कामी माणूस रोजच्या रोज देत असतो. वरवर पाहता ही व्यवस्था सर्वांत सुरक्षित वाटते. कारण ज्याला त्रास होतो तोच पैसे देतो, आणि त्रास फार झाल्यास तो दुसरीकडे जाऊ शकतो. प्रत्यक्षात ही व्यवस्था कोठे दुबळी आहे, याचा विचार पुढे केला आहे.

या तिन्ही परंपरांना लागू पडेल असा एक कायदेशीर विचार एकोणिसाव्या शतकातच झाला होता. ब्रिटिश हिंदुस्थानातील १८६७ च्या सराई अधिनियमाने सराई चालविणाऱ्यावर नोंदणीची सक्ती केली आणि त्याची कर्तव्ये मोजून सांगितली. खोल्या, ओसऱ्या, गटारे व विहिरी स्वच्छ ठेवणे, दरवाजे, भिंती, छपरे व गटारे दुरुस्त ठेवणे, पहारेकरी नेमणे आणि दरपत्रक लावणे ही त्यांपैकी काही. पडक्या सराईची दुरुस्ती करविण्याचा किंवा ती उतरवून घेण्याचा आदेश देण्याची तरतूदही त्यात होती. सराईत उतरणारा प्रवासी छप्पर तपासू शकत नाही, म्हणून ते काम चालकावर व त्याच्यावर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यावर टाकले पाहिजे, हे या कायद्याचे तत्त्व होते. परभणी तेव्हा निजामाच्या राज्यात असल्याने तो कायदा तेथे लागू नव्हता. परंतु तत्त्व म्हणून त्याचे महत्त्व कमी होत नाही.

३. वास्तू जीर्ण कशी होते

दायित्वाचा विचार करण्यापूर्वी कशाची दुरुस्ती करावयाची असते हे समजून घेतले पाहिजे. परभणी जिल्ह्याच्या बऱ्याच भागात पायाखाली काळी माती आहे. दख्खनच्या बेसाल्ट खडकापासून बनलेल्या या मातीत माँटमोरिलोनाइट या गटाची खनिजे विपुल असतात. ती पावसाळ्यात पाणी शोषून फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. शेतातील भेग कोणालाही दिसते. घराखालची दिसत नाही. उन्हाळ्यात इमारतीच्या कडेची माती लवकर सुकते, तर मध्यभागाखालची माती ओलसर राहते. परिणामी कडा खाली बसतात, मध्य तसाच राहतो आणि दारे–खिडक्यांच्या कोपऱ्यांपासून तिरप्या भेगा निघतात. पावसाळ्यात त्या मिटल्यासारख्या दिसतात आणि पुढील उन्हाळ्यात पुन्हा उघडतात. अशी भेग सिमेंटने बुजविली तरी ती बरी होत नाही, कारण दोष भिंतीत नसून पायात असतो. पाया काळ्या मातीच्या खाली मुरुमापर्यंत नेणे, इमारतीभोवती पाणी साचू न देणे, अथवा तळाशी फुगीर केलेले स्तंभपाये घालणे हे त्यावरील उपाय होत. या प्रकारच्या स्तंभपायांचे तंत्र भारतात रुरकी येथील केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने विकसित केले.

दुसरे कारण पाणी. जुन्या निवासगृहांत न्हाणीघर व शौचकूप मुख्य इमारतीपासून दूर असत. पुढे प्रत्येक खोलीला लागून न्हाणीघर असावे अशी अपेक्षा निर्माण झाली, आणि ज्या भिंती कोरड्या राहण्यासाठी बांधल्या होत्या त्यांच्या पोटातून नळ नेण्यात आले. नळाचा सांधा किंचित पाझरू लागला की पाणी विटांतून वर चढते, बरोबर क्षार आणते आणि पृष्ठभागावर वाळताना ते क्षार मागे ठेवते. यालाच लोणा लागणे म्हणतात. क्षारांचे स्फटिक गिलाव्याच्या आत वाढले की पोपडे सुटतात. येथे नेहमी होणारी चूक अशी की, चुन्याच्या जुन्या भिंतीवर सिमेंटचा कठीण गिलावा चढविला जातो. चुन्याचा गिलावा ओल बाहेर जाऊ देतो. सिमेंटचा गिलावा ती कोंडून धरतो. वरून भिंत कोरडी दिसते आणि आत तुळईची टोके कुजतात.

तिसरे कारण लोखंडाचा गंज. ताज्या काँक्रीटमध्ये अल्कधर्म फार तीव्र असतो. त्याचे पीएच मूल्य साधारणतः १२.५ ते १३ असते. या वातावरणात आतील सळईवर एक पातळ संरक्षक थर राहतो. हवेतील कार्बन डायऑक्साइड काँक्रीटमध्ये हळूहळू शिरतो, अल्कधर्म कमी करतो, आणि पीएच मूल्य सुमारे ९ च्या खाली आले की सळईचे संरक्षण संपते. ही प्रक्रिया काळाच्या वर्गमूळाच्या प्रमाणात खोल जाते. म्हणून सळईवरील काँक्रीटचा थर अर्धा ठेवला तर संरक्षणाचा काळ अर्धा न होता सुमारे एक चतुर्थांश होतो. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दोन ते सहापट असते. त्या दाबाने छताच्या खालच्या बाजूस सळईच्या रेषेत भेगा पडतात, तपकिरी डाग उमटतात आणि शेवटी ढलपा खाली पडतो.

या तिन्ही प्रक्रियांमध्ये एक साम्य आहे. आरंभी त्यांवरील खर्च अल्प असतो व दोष दिसत नाही. दोष दिसू लागतो तेव्हा खर्च अनेकपट झालेला असतो. दुरुस्तीच्या अर्थशास्त्राचा हाच कळीचा मुद्दा होय.

४. एका रात्रीचा पाहुणा आणि वर्षानुवर्षांचा भाडेकरू

लॉजची खोली ही विलक्षण नाशिवंत वस्तू आहे. दुकानातील न विकलेले कापड उद्या विकता येते. आज रिकामी राहिलेली खोलीची रात्र उद्या विकता येत नाही. नळ बदलावयाचा तर खोली काही दिवस बंद ठेवावी लागते, आणि त्या रात्रींचे उत्पन्न कायमचे बुडते. रंग मात्र एका दिवसात देता येतो. त्यामुळे चालकाचा कल स्वाभाविकपणे दिसणाऱ्या सुधारणेकडे जातो.

पाहुण्याची परीक्षाही त्याच दिशेने झुकलेली असते. त्याला चादर दिसते, दिवा दिसतो, भिंतीचा रंग दिसतो. गच्चीचा निचरा किंवा छतातील सळई दिसत नाही. शहरातील नित्याच्या पाहुण्याची नाराजी चालकाला पुढील फेरीत जाणवते. फाट्यावरील पाहुणा बहुधा एकदाच येतो. गाडी चुकलेली असते, अंधार पडलेला असतो आणि निवडीला वाव नसतो. तो नाराज होऊन गेला काय किंवा संतुष्ट होऊन गेला काय, चालकाला त्याचा हिशेब मांडता येत नाही. शिवाय प्रवासाची साधने वाढली की मुक्कामाची गरजच कमी होते. स्वतःच्या वाहनाने फिरणारा माणूस रात्री घरी परततो, खोल्या रिकाम्या राहतात, आणि उत्पन्न घटल्याने दुरुस्ती आणखी पुढे ढकलली जाते. मग खोल्या महिन्याच्या बोलीने देणे अधिक सोयीचे वाटू लागते.

येथे वास्तूच्या जीवनात एक निर्णायक बदल होतो. एका रात्रीच्या पाहुण्याच्या जागी दीर्घकाळचा भाडेकरू येतो. त्याला प्रत्येक दोष ठाऊक असतो. कोणती भिंत पावसाळ्यात ओलावते आणि कोणता जिना हलतो हे तो अंधारातही सांगेल. परंतु तो मालक नसतो, आणि जितके भाडे तो देतो तितक्यात मोठी दुरुस्ती बसत नाही. पाहुण्याला जागा सोडून जाण्याचा अधिकार असतो पण ज्ञान नसते. भाडेकरूला ज्ञान असते पण सोडून जाण्याची सोय नसते. या दोहोंच्या मध्ये इमारत एकटी पडते. ही साखळी एकाच वास्तूत आदीपासून अंतापर्यंत पाहावयाची असल्यास फाट्यावरील लहान लॉजच्या लेखी नोंदी पुरेशा पडत नाहीत; त्यासाठी मुंबईच्या एका ख्यातनाम हॉटेलकडे वळावे लागते.

५. वॉटसन हॉटेलचे वार्धक्य

१८६० नंतरच्या दशकात मुंबईच्या किल्ल्याचे तट पाडण्यात आले आणि एस्प्लनेडच्या मोकळ्या जागेवर नव्या इमारती उभ्या राहू लागल्या. जॉन वॉटसन या व्यापाऱ्याने तेथे बांधलेली इमारत एस्प्लनेड हॉटेल, किंवा लोकांच्या तोंडी वॉटसन हॉटेल, या नावाने ओळखली जाऊ लागली. तिचा आराखडा रोलंड मेसन ऑर्डिश या इंग्रज अभियंत्याचा होता. लंडनच्या सेंट पँक्रस स्थानकाच्या प्रचंड छताच्या कामातही त्याचा सहभाग होता. हॉटेलचा ओतीव व घडीव लोखंडाचा सांगाडा इंग्लंडमध्ये तयार करून जहाजाने आणण्यात आला आणि १८६० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत जोडण्यात आला. भार लोखंडी खांबांनी पेलावा आणि विटांनी केवळ पोकळी भरावी, ही त्या काळी नवी असलेली कल्पना येथे उघड दिसते. भारतात टिकून राहिलेल्या ओतीव लोखंडी इमारतींत ती सर्वांत जुनी मानली जाते.

तिच्या वैभवाच्या काळाच्या दोन खुणा इतिहासात राहिल्या आहेत. १८९६ च्या प्रारंभी अमेरिकन लेखक मार्क ट्वेन येथे उतरला होता, आणि आपल्या सज्जाबाहेरील मुंबईच्या कावळ्यांविषयी त्याने प्रवासवर्णनात लिहिले. त्याच वर्षी ७ जुलै रोजी ल्युमिएर बंधूंच्या चलच्चित्रांचा भारतातील पहिला खेळ याच हॉटेलात झाला. परंतु १९०३ मध्ये अपोलो बंदरावर ताजमहाल हॉटेल सुरू झाले आणि श्रीमंत पाहुण्यांचा ओघ तिकडे वळला. वॉटसन हॉटेलचे महत्त्व ओसरत गेले. कालांतराने ते बंद पडले, आणि इमारत एस्प्लनेड मॅन्शन या नावाने गाळ्यागाळ्यांनी भाड्याने गेली. न्यायालये जवळ असल्याने वकिलांची कार्यालये, लहान दुकाने आणि बिऱ्हाडे तेथे नांदू लागली. मोठ्या दालनांत लाकडी आडभिंती उभ्या राहिल्या, पोटमाळे चढले, जागोजाग नळ आणि तारा खेळविल्या गेल्या. जो सज्जा सर्व पाहुण्यांच्या वाऱ्यासाठी होता तो तुकड्यातुकड्यांनी बंदिस्त झाला.

लोखंडी सांगाड्याला दर काही वर्षांनी खरवडून रंग द्यावा लागतो आणि सांध्यांतून पाणी काढून द्यावे लागते. समुद्राच्या खाऱ्या हवेत तर ही गरज अधिकच तीव्र. हॉटेल चालू असते तर हे काम एका चालकाच्या हिशेबात बसले असते. मॅन्शन झाल्यावर सांगाडा सर्वांचा झाला आणि म्हणून कोणाचाच राहिला नाही. प्रत्येक भाडेकरू आपल्या गाळ्याच्या आतील बाजू सुधारू शकत होता. पण खांब, तुळया आणि सज्जे त्याच्या गाळ्याबाहेर होते. १९९५ च्या मुंबई वारसा नियमावलीने इमारतीला संरक्षित दर्जा दिला. त्यामुळे ती पाडता येईना, परंतु दुरुस्तीसाठी पैसा त्यातून उत्पन्न झाला नाही. २००५ मध्ये सज्जाचा भाग कोसळून जीवितहानी झाली. वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाने आपल्या २००६ च्या यादीत तिला जगातील शंभर संकटग्रस्त स्थळांमध्ये स्थान दिले. २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर भाडेकरूंना इमारत सोडावी लागली. त्याच वर्षी भारतीय तंत्रज्ञान संस्था, मुंबई हिच्या अहवालाने ती पाडण्याची शिफारस केली, तर वारसातज्ज्ञांनी तिला विरोध करून दुरुस्ती शक्य असल्याचे मत मांडले.

६. भाडेनियंत्रणाचा परिणाम

हा इतिहास केवळ एखाद्या मालकाच्या वा भाडेकरूच्या दोषाचा म्हणून वाचणे अशास्त्रीय ठरेल. दुसऱ्या महायुद्धानंतर मुंबईत जागेची विलक्षण टंचाई होती. त्या परिस्थितीत १९४७ चा मुंबई भाडे, हॉटेल व लॉजिंग हाऊस दर नियंत्रण अधिनियम आला. त्याच्या नावातच हॉटेल आणि लॉज यांचा उल्लेख आहे हे लक्षणीय होय. सामान्यतः १ सप्टेंबर १९४० रोजीचे भाडे हे प्रमाण भाडे ठरले. या कायद्याने लक्षावधी लोकांना डोक्यावरचे छप्पर दिले, हे निर्विवाद आहे. पण भाडे स्थिर राहिले आणि चुना, लोखंड व मजुरी महागत गेली. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये या प्रमाण भाड्याच्या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी झाल्याचे सांगितले. पुढे महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलात आला आणि वर्षाला ४ टक्के भाडेवाढीची मुभा मिळाली. मराठवाड्यासाठी १९५४ चा हैदराबादचा स्वतंत्र भाडे नियंत्रण कायदा होता. तोही या नव्या कायद्याने रद्द झाला.

मधल्या काळात मुंबईत दुरुस्तीचा भार राज्याने अंशतः स्वतःकडे घेतला होता. १९६९ च्या अधिनियमाने जुन्या इमारतींवर उपकर बसवून दुरुस्ती मंडळ स्थापन केले. भाडे गोठविल्याने जी रक्कम दुरुस्तीला उरत नव्हती ती करातून गोळा करण्याचा हा प्रयत्न होता. तथापि १८६७ च्या कायद्यात छप्पर दुरुस्त ठेवण्याचे कर्तव्य एका नामनिर्दिष्ट चालकावर होते. येथे ते मालक, भाडेकरू आणि मंडळ या तिघांत विभागले गेले. कर्तव्य विभागले गेले की प्रत्येक पक्ष दुसऱ्याची वाट पाहतो. सराईच्या कायद्याची दृष्टी छपरावर होती. नंतरच्या कायद्याची दृष्टी भाड्यावर गेली, आणि छप्पर दृष्टीआड झाले.

७. प्रतिउदाहरण

या विवेचनाची परीक्षा ताजमहाल हॉटेलच्या उदाहरणाने करता येते. तीही समुद्रकाठची, शतकापूर्वीची वास्तू. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात तिच्या जुन्या भागाची मोठी हानी झाली. तरीही दुरुस्तीनंतर तो भाग १५ ऑगस्ट २०१० रोजी पुन्हा उघडला. येथे भांडवल विपुल होते, हे खरे. परंतु केवळ संपत्तीने या घटनेचा उलगडा होत नाही. वास्तू एका चालकाच्या ताब्यात होती, तिचा मूळ उपयोग अखंड चालू होता आणि दुरुस्तीचा खर्च पुढील मुक्कामांच्या उत्पन्नातून भरून येण्यासारखा होता. वॉटसन हॉटेलच्या बाबतीत या तिन्ही गोष्टी खंडित झाल्या होत्या. मार्क ट्वेनची आठवण आणि पहिल्या चलच्चित्राचा मान यांनी त्या इमारतीला कीर्ती दिली. तिचा गंज मात्र थांबविला नाही. स्मृतीमुळे वास्तू पाडण्याला अडथळा होतो, पण स्मृती स्वतः दुरुस्ती करीत नाही.

८. क्षेत्रकार्यातील पाहणी

वरील विवेचनाचा उपयोग देवगाव फाट्यासारख्या ठिकाणी मुक्काम करणाऱ्या संशोधक विद्यार्थ्याला प्रत्यक्ष करता येण्यासारखा आहे. एका रात्रीच्या मुक्कामातही पुढील गोष्टी नोंदविता येतात. न्हाणीघराला लागून असलेल्या भिंतीला हात लावून ओल किती उंचीपर्यंत चढली आहे ते पाहावे. दार–खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरपी भेग निघाली असल्यास तिची रुंदी व महिना लिहावा. तीच भेग पावसाळ्यात पुन्हा मोजल्यास काळ्या मातीचा परिणाम निश्चित करता येतो. छताच्या खालच्या बाजूस सरळ रेषेत भेग व तपकिरी डाग असल्यास तो गंजाचा पुरावा होय, आणि अशा छताखाली खाट न ठेवणे हे शहाणपणाचे. गच्चीवर जाता आल्यास पाणी वाहून जाण्याची तोंडे मोकळी आहेत काय ते पाहावे. नवा गिलावा चुन्याचा आहे की सिमेंटचा, हे विचारावे.

याहून महत्त्वाचे प्रश्न वास्तूला न विचारता माणसांना विचारावे लागतात. इमारतीचा मालक आणि लॉजचा चालक एकच आहेत काय? नसल्यास कराराची मुदत किती? नळ व छप्पर यांची दुरुस्ती करारात कोणाकडे आहे? वर्षातून किती रात्री खोल्या भरतात? किती खोल्या महिन्याने दिल्या आहेत? ज्या चालकाचा करार अकरा महिन्यांचा आहे त्याने तीस वर्षे टिकणारा नळ घालावा, अशी अपेक्षा करणे व्यर्थ होय. हे प्रश्न विचारताना चालकाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याचे कारण नाही. त्याच्याइतकी आपल्या इमारतीची दुखणी दुसऱ्या कोणाला ठाऊक नसतात, आणि सहानुभूतीने विचारल्यास तो ती सांगतो.

दुरुस्ती, नूतनीकरण आणि जीर्णोद्धार या तीन संज्ञाही अहवालात वेगळ्या ठेवाव्यात. बिघडलेला भाग पूर्ववत करणे ही दुरुस्ती. नव्या गरजेसाठी सोयी बदलणे हे नूतनीकरण. आणि ढासळलेल्या वास्तूला तिच्या मूळ रचनेचा मान राखून पुन्हा उभी करणे हा जीर्णोद्धार. फाट्यावरील सामान्य लॉजला बहुधा पहिल्याची गरज असते, चालक दुसऱ्याचा विचार करीत असतो, आणि वृत्तपत्रांत चर्चा मात्र तिसऱ्याची होते. पहिली गोष्ट वेळेवर झाली तर तिसरीची वेळ येत नाही.

यावरून निघणारा निष्कर्ष मर्यादित पण स्पष्ट आहे. निवासगृहाचे आयुष्य ठरविणाऱ्या घटकांत बांधकामाच्या गुणवत्तेइतकेच महत्त्व दुरुस्तीचे कर्तव्य एका निश्चित व्यक्तीवर वा संस्थेवर असण्याला आहे, आणि त्या कर्तव्यासाठी मुक्कामाच्या उत्पन्नातील ठराविक हिस्सा वेगळा राहण्याला आहे. पाहुणा हे काम करू शकत नाही. तो सकाळी जाणारच. भाडेकरू एकटा ते पेलू शकत नाही. लहान लॉजच्या परवान्याचे नूतनीकरण करताना स्वच्छता व अग्निसुरक्षा यांबरोबर छप्पर, निचरा आणि पाया यांच्या पाहणीचा दाखला मागितला, तर १८६७ च्या कायद्यातील जुने तत्त्व नव्या रूपाने परत येईल. देवगाव फाट्यासारख्या तिठ्यांवरील साध्या, अनामिक इमारतींचा कोणी इतिहास लिहिणार नाही, आणि त्यांच्यासाठी कोणती वारसासमितीही बसणार नाही. परंतु रात्री अंधारात उतरणारा प्रवासी तेथील छताखाली तितक्याच विश्वासाने झोपतो, जितक्या विश्वासाने तो मोठ्या हॉटेलात झोपेल. त्या विश्वासाची जबाबदारी कोणाची, हे लेखी ठरलेले असणे ही वास्तुशास्त्राची नव्हे, तर नागरी जीवनाची प्राथमिक गरज आहे.